ब्रेक नसलेली गाडी वळते कशी? स्पीडवे शिकू पाहणाऱ्या सोलापूरच्या एका मुलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: "काका, मोबाइलवर पोलंडमधल्या स्पीडवे रेस बघतोय. गाड्यांना ब्रेक नाहीत, हँडल उजवीकडं असतं आणि गाडी मात्र डावीकडं वळते. हे नक्की काय आहे? मी एकोणीस वर्षांचा आहे, सोलापुरात राहतो, माझ्याकडं स्प्लेंडर आहे. तिचे ब्रेक काढून होटगीकडच्या माळावर सुरुवात केली तर चालेल का?"

शेवटचं आधी सांगतो. ब्रेक काढू नकोस. का ते पुढं कळेलच, पण पाना हातात घेतला असशील तर तो ठेवून दे आणि मग वाच.

माझं गॅरेज सात रस्त्याजवळ आहे. तरुणपणी पुणे-कोल्हापूरकडं डर्ट रेस खेळलो. नंतर कामासाठी इंग्लंडला गेलो आणि तिथल्या एका स्पीडवे क्लबच्या पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागी, अकरा सीझन मेकॅनिक होतो. सरावाच्या दिवशी ट्रॅक मोकळा मिळाला की स्वतः चालवायचो. त्यामुळं जे सांगतोय ते हाताखालून गेलेलं आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, अमेरिकेत इंडियानापोलिस मोटर स्पीडवे आहे. ते दोन्ही पक्क्या रस्त्याचे ट्रॅक. तू बघतोयस तो खेळ वेगळा. लंबगोल ट्रॅक, एका फेरीचं अंतर साधारण 260 ते 425 मीटर, वर भुसभुशीत बारीक खडीमातीचा थर. एका शर्यतीत चारच जण, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेनं. म्हणजे अख्ख्या शर्यतीत उजवं वळण एकही नाही. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला काही नाही. 300 मीटरचा ट्रॅक धरला तर चार फेऱ्यांचे 1200 मीटर होतात आणि ते मिनिटभरात संपतात. एवढ्याशा जागेत, वळणं धरून, ताशी 70 किलोमीटरच्या पुढची सरासरी. सरळ पट्ट्यात वेग शंभराच्या वर जातो.

सोळा खेळाडूंच्या वैयक्तिक स्पर्धेचं गणित मला फार आवडतं. एकूण वीस शर्यती. प्रत्येकजण पाच वेळा उतरतो आणि दर वेळी समोर तीन प्रतिस्पर्धी. पाच त्रिक पंधरा. म्हणजे प्रत्येकाची गाठ उरलेल्या पंधराही जणांशी बरोबर एकदाच पडते. तेवढ्यावरून एका संध्याकाळी कोण सरस ते ठरतं. लीगमध्ये दोन संघ असतात आणि प्रत्येक शर्यतीत दोन्हींकडून दोन-दोन उतरतात. तिथं आपल्या जोडीदाराला सांभाळून न्यायचं असतं, तो वेगळा विषय.

हा खेळ जन्मला तो जत्रेतच म्हण. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावी डिसेंबर 1923 मध्ये जॉनी हॉस्किन्स यांनी कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर मोटरसायकलींची शर्यत भरवली. तीच या खेळाची सुरुवात मानतात. आपल्याकडं सोलापुरात गड्डा यात्रेच्या वेळी होम मैदानावर कृषी प्रदर्शन लागतं ना, तसलीच जागा. फेब्रुवारी 1928 मध्ये इंग्लंडात हाय बीचला शर्यत झाली आणि तिथून खेळ झपाट्यानं पसरला. पहिली जागतिक स्पर्धा 1936 साली वेंब्लीला झाली, ती ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल व्हॅन प्रागनं जिंकली. न्यूझीलंडचा इव्हान मॉगर आणि स्वीडनचा टोनी रिकार्डसन, दोघांनी सहा-सहा वेळा विश्वविजेतेपद मिळवलं. आज पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक त्या पंक्तीत आहे. तू बघतोस ते व्हिडिओ पोलंडचे असणं साहजिक आहे. तिथं हा खेळ गावागावाच्या अभिमानाचा आहे, आणि लीगच्या सामन्याला स्टेडियम भरतं.

आता गाडी. इंजिन 500 सीसीचं, एक सिलिंडर, फोर स्ट्रोक. गिअर एकच. क्लच आहे. मागं शॉकअप नाहीत. ब्रेक पुढंही नाही, मागंही नाही. वजनाची किमान मर्यादा 77 किलो. तुझी स्प्लेंडर 112 किलोच्या आसपास आहे आणि तिची ताकद आठ अश्वशक्ती. स्पीडवेची गाडी तिच्यापेक्षा तीसेक किलोनं हलकी आणि ताकद जवळजवळ दहापट. पुढचं चाक 23 इंची, बारीक. मागचं 19 इंची. उजव्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. चालवणारा पडला की ती दोरी निघते आणि इंजिन तिथल्या तिथं बंद.

इंजिन कुठलं? हल्ली बहुतेकांकडं इटलीचं जीएम असतं. पण आपल्या पिढीला ओळखीचं नाव म्हणजे जावा. म्हैसूरला बनलेल्या जावा आणि येझदी सोलापुरात घरोघरी होत्या, माझे हात त्याच गाड्यांवर बसले. चेकोस्लोव्हाकियातली मूळ जावा कंपनी स्पीडवेच्या गाड्याही बनवायची, आणि मॉगरची बरीच विजेतेपदं जावावरचीच. म्हैसूरच्या टू स्ट्रोकचा त्या इंजिनाशी संबंध नाही. तरी पिटमध्ये पहिल्यांदा टाकीवर ते नाव वाचलं तेव्हा परक्या देशात गाववाला भेटल्यासारखं वाटलं होतं.

आणि इंधन. पेट्रोल नाही, मिथेनॉल. इथं नीट लक्ष दे, कारण आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या भरपूर, त्यामुळं "स्पिरिटवर चालते" म्हटलं की पोरांना वाटतं कुणाच्या तरी ओळखीनं कॅनभर मिळेल. कारखान्यात बनतं ते इथेनॉल. मिथेनॉल म्हणजे विषारी दारूत सापडतं ते, ज्यानं डोळे जातात आणि माणसं दगावतात. कातडीतूनही ते अंगात जातं. पेटलं तर दिवसा उजेडात ज्वाळ दिसत नाही. पिटमध्ये ते भरताना हातमोजे, शेजारी पाणी आणि एक माणूस फक्त लक्ष ठेवायला. शिकताना तुला त्याची काहीच गरज नाही. तुझं पेट्रोलच बरं.

आता तुझा खरा प्रश्न, गाडी वळते कशी.

गड्ड्यात मौत का कुआँ पाहिला असशील. तिथं गाडी वेगामुळं फळ्यांना चिकटून राहते. वेग कमी झाला की खाली. म्हणजे तिथं सगळा भरवसा पकडीवर. स्पीडवेमध्ये नेमकं उलटं आहे. इथं चालवणारा मागच्या चाकाची पकड मुद्दाम सोडवतो.

सरळ पट्टा संपत आला की तो अंग डावीकडं झुकवतो, हँडल किंचित डावीकडं देतो आणि ॲक्सिलेटर उघडाच ठेवतो. मागचं चाक मातीत फिरायला लागतं आणि बाहेरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडं सरकतं. गाडीचं नाक आपोआप आत, डावीकडं येतं. आता मागचं चाक आणखी सरकलं तर गाडी गर्रकन फिरून उलटी होईल. ती तशी होऊ नये म्हणून हँडल उजवीकडं न्यावं लागतं. व्हिडिओत दिसतं ते हे. पुढचं चाक गाडी जिकडं चाललीय तिकडं बघतंय, आणि मागचं चाक तिला ढकलतंय.

पण मग वेग कमी कुठं होतो? तर आडवं सरकणाऱ्या त्याच मागच्या चाकात. चाक आडवं घासत जातं तेव्हा माती वेग खाते. जास्त आडवी केली की गाडी जास्त मंदावते, थोडी सरळ केली की पळते. आडवं होणं हाच या गाडीचा ब्रेक आहे, आणि तो उजव्या मुठीत असतो. समज या गाडीला खरा ब्रेक लावला आणि ऐन वळणात एकानं घाबरून तो दाबला, तर मागून दोन हातांवर येणारे तिघं त्याच्यावर आदळतील. कुणाकडंच ब्रेक नाही म्हणूनच चौघं इतक्या जवळून जाऊ शकतात.

सगळ्यात अवघड गोष्ट आता सांगतो. रस्त्यावर आपल्याला आयुष्यभर एकच सवय लागलेली असते, भीती वाटली की ॲक्सिलेटर सोडायचा. इथं तसं केलं की सरकणारं मागचं चाक एकदम माती पकडतं, गाडी झटक्यात सरळ होते आणि वर बसलेला फेकला जातो, नाहीतर गाडी त्याच्यासकट थेट कुंपणाकडं जाते. माझा कॉलरबोन असाच मोडला. तिसऱ्याच सरावाला, दुसऱ्या वळणावर चाक अपेक्षेपेक्षा हातभर जास्त सरकलं आणि माझी मूठ आपोआप मिटली, म्हणजे ॲक्सिलेटर बंद झाला. मूठ मिटतेय हे मला कळलंसुद्धा नाही. कळलं ते जमिनीवर पडल्यावर, तोंडात माती आणि डाव्या खांद्याखाली काहीतरी टोचतंय तेव्हा. पुढचे सहा आठवडे एका हातानं पाने फिरवले. मूठ न मिटवता ती केसभर कमी-जास्त करत राहायची, हे हाताला शिकवायला मला दोन वर्षं लागली.

डाव्या पायाचं बघ. वळताना तो जमिनीवर असतो, पण त्यावर वजन टाकायचं नसतं. वजन असतं उजव्या फुटरेस्टवर, आणि उजवा गुडघा गाडीला अडकवलेला. डावा पाय पुढं, गुडघ्यात वाकलेला, जमिनीवरून नुसता घसरत जातो. त्यासाठी बुटाखाली लोखंडी तळ बसवतात. रबरी तळाचा बूट मातीत अडकतो आणि गुडघा पिरगळतो, म्हणून तो लागतो. इथं परत आल्यावर मी असा तळ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. पहिला त्यानं सपाट पत्रा कापून दिला. दिसायला चांगला, पण पुढची कड सरळ होती, ती पहिल्याच फेरीत मुरमात रुतली. दुसऱ्या वेळी मी जुना बूटच त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं पत्रा तापवून त्या बुटावरच ठोकून घेतला, नाक चपलेच्या अंगठ्यासारखं वर वळवलं, टाचेला चामड्याचा पट्टा लावला. तो तळ अजून माझ्याकडं आहे. खालून आरशासारखा झालाय, डाव्या कडेला पत्रा कागदाइतका राहिलाय. कुणाचा पाय किती नीट पडतो ते त्याचा तळ उलटा करून पाहिला की कळतं.

सुरुवातीबद्दल नवीन प्रेक्षक फार विचार करत नाहीत, पण निम्मी शर्यत तिथंच असते. ट्रॅकवर आडव्या टेप ताणलेल्या असतात, त्या झटक्यात वर उडाल्या की निघायचं. टेपला गाडी लागली तर बाद, किंवा पंधरा मीटर मागून सुरुवात. त्याआधीची दोन मिनिटं बघत जा. प्रत्येकजण आपल्या जागेवर बुटानं माती उकरतो, दाबतो, पुन्हा उकरतो. ते उगाच नाही. रब्बीची ज्वारी पेरण्याआधी आपला शेतकरी ढेकूळ हातात घेऊन ओल बघतो, तसंच आहे हे. मागच्या चाकाखाली किती भुसभुशीत, किती घट्ट, याचा तो अंदाज घेत असतो. मग इंजिन किंचाळतंय, डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर, छाती हँडलवर. क्लच एकदम सोडला तर पुढचं चाक आभाळात, फार जपून सोडला तर बाकीचे तिघं पहिल्या वळणावर पुढं, आणि त्यांच्या चाकांची माती तुझ्या तोंडावर. मी पाहिलेले उत्तम खेळाडू घरी असतानाही टीव्ही बघत डाव्या हाताची ती दोन बोटं हलवत बसायचे.

शर्यतीगणिक ट्रॅक बदलतो. चाकं मोकळी माती बाहेरच्या कडेला फेकत राहतात, आतली बाजू घट्ट आणि निसरडी होते. म्हणून संध्याकाळच्या पहिल्या शर्यतीत आतून जाणारा जिंकतो, आणि नंतर एखादा कुंपणाजवळून लांबचा फेरा मारून तिघांना मागं टाकतो. तिथल्या मोकळ्या मातीत त्याच्या चाकाला ढकलायला काहीतरी मिळतं. मधे मधे ट्रॅक्टर फिरवून माती सारखी करतात, पाणी मारतात. पाणी किती मारायचं हे ज्याला कळतं त्याला क्लबात फार मान असतो.

धोक्याबद्दल न बोलता पुढं जाणार नाही. या खेळात माणसं मेली आहेत, कायमची अपंग झाली आहेत. मोठ्या ट्रॅकवर हवेनं भरलेली कुंपणं असतात, हेल्मेट, पाठीचं संरक्षक कवच, जाड सूट असतो, डॉक्टर आणि अँब्युलन्स असल्याशिवाय शर्यत सुरू होत नाही. तरीही. समोरचा पडला तर त्याच्यावर न जाता स्वतःची गाडी आडवी टाकून देणं हे तिथल्या पोरांना लहानपणीच शिकवतात. ते मी तुला सगळ्यात आधी शिकवेन.

मग सोलापुरात काय करता येईल?

भारतात स्पीडवेची लीग नाही, तसा ट्रॅक मला आपल्याकडं कुठं ठाऊक नाही. पण मातीवर गाडी सरकवायची कला शिकायला वाटा आहेत. मोटोक्रॉस आणि डर्ट ट्रॅकच्या शर्यती महाराष्ट्रात होतात, पुण्यात तर सुपरक्रॉसची लीगही झाली. रॉयल एनफिल्डनं फ्लॅट ट्रॅक शिकवायला स्लाइड स्कूल काढली. फ्लॅट ट्रॅक हा स्पीडवेचा अमेरिकन चुलतभाऊ, त्यात वळायची रीत बरीचशी हीच. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआय या मोटर शर्यतींच्या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स लागतं. ते नसलेल्या गावठी शर्यतीत, पैज लावून, पोलिसांना चुकवून होणाऱ्या प्रकारात जाऊ नकोस. तिथं अँब्युलन्स नसते.

आणि त्याच्याही आधी, सायकल. खरंच सांगतोय. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या मुलांनी बाँबनं पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांवर जुन्या सायकली घेऊन स्पीडवे खेळायला सुरुवात केली. तो सायकल स्पीडवे आजही रीतसर खेळला जातो. चार जण, चार फेऱ्या, एक गिअर, ब्रेक नाही, डावा पाय जमिनीवर. आपल्या मुरमाच्या माळावर हे फुकटात होतं. जुनी चोवीस इंची सायकल घे, दोन टायर खांबासारखे ठेव आणि त्यांच्याभोवती डावीकडं वळत फिर. मागचं चाक वीतभर सरकलं की पोटात कसं होतं ते तिथंच कळू दे, पंधराच्या वेगात. ब्रेक काढलेली सायकल रस्त्यावर चालवायची नाही, माळापर्यंत हातात धरून न्यायची.

महिनाभरानं स्प्लेंडर. ब्रेक तिला राहू देत, कारण तिच्यात सरकून वेग खायची ताकद नाही, आणि माळावर कुत्रं, शेळी, लहान पोर कधीही आडवं येतं. फक्त गाडी कललेली असताना पुढच्या ब्रेकवर बोट ठेवायचं नाही. ज्याची जमीन आहे त्याला विचार. दगड वेच, अर्धा तास लागला तरी वेच. मुरूम हवा. काळ्या रानात पावसानंतर गाडी घालशील तर चिखल मडगार्डात बसून चाक जाम होईल. उन्हाळ्यात फुफाटा इतका उडतो की मागच्याला काही दिसत नाही, तेव्हा आदल्या संध्याकाळी थोडं पाणी मार आणि सकाळी साडेसहाला जा. पहिला गिअर, वीस-पंचवीसचा वेग, टाकीजवळ सरकून बस, उजवा कोपर वर, वजन उजव्या फुटरेस्टवर. सगळा वेळ एकाच गोष्टीकडं लक्ष दे: चाक सरकलं तेव्हा मूठ मिटली का? मिटली तर थांब, श्वास घे, पुन्हा तीच फेरी.

एकटा जाऊ नकोस. मी दर रविवारी सकाळी चार-पाच पोरांना घेऊन तुळजापूर रोडच्या एका शेतावर असतो. मालक ओळखीचे आहेत, परवानगी आहे, प्रथमोपचाराची पेटी आणि एक चारचाकी तिथं उभी असते. पहिल्या रविवारी गाडी आणू नकोस, सायकल आण. फुल हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट, जाड जीन्स, हातमोजे. आणि वडिलांना घेऊन ये. तू काय शिकायला निघालास ते त्यांनी एकदा डोळ्यांनी बघायला हवं, त्यांच्याशी मला बोलायचंही आहे. तुझ्या बुटाचं माप मात्र आधी कळव, तळ ठोकून घ्यायला फॅब्रिकेशनवाल्याला आठवडा लागतो.